नवऱ्याविना निघालेली वरात

२०१८ च्या डिसेंबरातील एका संध्याकाळी आम्ही दोघे पापडीहून रिक्षाने निघालो, तेव्हा आमच्या मांडीवर पुस्तकांचा गठ्ठा होता. ५० प्रती, प्रत्येकी ९६ पाने. वसईच्या वाड्यांतून तीन वर्षे फिरून जमवलेली लग्नगीते त्यात होती. पहिली प्रत कोणाला द्यायची हे ठरलेलेच होते. पापडीपासून फार दूर नसलेल्या एका वाडीत ऐंशी ओलांडलेल्या एक आजी राहतात. हळदीच्या रात्री नवऱ्याकडच्या बाजूने गाण्यासाठी त्यांना पूर्वी गावोगाव बोलावणे असे. आमच्या संग्रहातील 'नवऱ्याकडची गाणी' हे प्रकरण सर्वस्वी त्यांचे. ११ गाणी त्यांनी दोन दुपारी बसून आम्हांला ध्वनिमुद्रित करू दिली होती.

आजींना वाचता येत नाही. त्यांच्या नातीने पुस्तक उघडले आणि अनुक्रमणिका मोठ्याने वाचू लागली. मांडवाची गाणी, हळदीची गाणी, नवरीकडची गाणी, पाठवणीची गाणी. ती थांबली. पुन्हा वरून वाचू लागली. मग पाने उलटू लागली. आम्ही पुस्तक तिच्या हातून घेतले आणि स्वतः उलटू लागलो. 'नवऱ्याकडची गाणी' पुस्तकात नव्हती. एखादे पान गळले असावे, असेही नव्हते. पृष्ठांक सलग होते, अनुक्रमणिका निर्दोष होती. ते प्रकरण जणू कधी लिहिलेच गेले नव्हते.

आजी आपल्या बोलीत एकच वाक्य बोलल्या. त्याचा अर्थ असा, की लग्न लावलेत आणि नवरा आणायला विसरलात. नात हसली. आम्हांला हसता आले नाही. परतीच्या वाटेवर गठ्ठ्याचे वजन एका प्रतीनेच कमी झाले होते. ती एक प्रत मात्र आजींनी ठेवून घेतली.

हा लेख त्या हरवलेल्या प्रकरणाविषयी आहे. ते शोधताना आम्हांला संगणकशास्त्रातील ज्या व्यवहाराची ओळख झाली, तो आमच्या अभ्यासविषयाच्या किती जवळचा निघाला, हे सांगण्याचा त्यात प्रयत्न आहे. आम्ही दोघेही मराठीचे एम.ए. आणि एकाच महाविद्यालयात अध्यापक. संगणकाशी आमचा संबंध टंकलेखन, प्रश्नपत्रिका आणि विद्यापीठाचे अर्ज एवढाच. तेव्हा पुढील विवेचनात तांत्रिक भाग येईल तो अनुभवाने कळला तेवढाच येईल.

प्रथम हे पुस्तक तयार कसे झाले ते सांगितले पाहिजे. एम.ए.ला असताना, २००२ च्या सुमारास, आमच्यापैकी एकाने काही ओव्या गोळा करून संगणकावर टंकित केल्या होत्या. त्या काळी मराठी टंक ज्याचा त्याचा वेगळा असे. रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवून कागदावर देवनागरी दिसण्याची सोय केलेली असे. कालांतराने तो टंक गेला आणि फाईल तेवढी राहिली. आज ती उघडली तर रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांचा खच दिसतो. ओव्या सांगणारी बाई हयात नाही. या अनुभवामुळे लग्नगीतांच्या वेळी आम्ही ठरवले होते, की मजकूर युनिकोडमध्ये, साध्या मजकूर-फायलींत ठेवायचा आणि कोणत्याही एका कंपनीच्या एका आज्ञावलीवर तो अवलंबून ठेवायचा नाही.

आमचा एक माजी विद्यार्थी आहे. बी.ए.ला मराठी घेऊन तो नंतर संगणकाकडे वळला. त्याने सगळी रचना करून दिली. प्रत्येक प्रकरणाची एक फाईल, प्रकरणांचा क्रम सांगणारी एक यादी, अक्षरजुळणीचे नियम, टंक आणि छायाचित्रे. एक आज्ञा दिली की यंत्र यादी वाचते, एकेक फाईल उचलते, तिची पाने रचते, अनुक्रमणिका तयार करते आणि शेवटी छपाईला देण्याजोगी प्रत हाती ठेवते. कच्च्या सामग्रीतून वापरण्याजोगी वस्तू घडवण्याच्या या क्रियेला संगणकक्षेत्रात 'बिल्ड' म्हणतात. कोणतीही आज्ञावली लोकांच्या हाती जाण्यापूर्वी तिचा असा बिल्ड व्हावा लागतो. पुस्तकांच्या जगात वाढलेल्या आम्हांला त्यासाठी 'बांधणी' हा शब्द सहज सुचला आणि पुढे आमच्यात तोच रूढ झाला.

तिघांची तीन यंत्रे होती. आमच्यापैकी एक जण महाविद्यालयातील सवयीमुळे विंडोजवर लिहिणारा, दुसऱ्याकडे जुन्या लॅपटॉपवर बसवलेले उबुंटू लिनक्स, आणि विद्यार्थ्याकडे एक वापरलेला मॅक. संगणकाची कार्यप्रणाली, जिला सर्रास ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात, ती तिघांची निराळी होती आणि त्यात काही अडचण आहे असे कोणालाच वाटले नव्हते. ११ गाण्यांचे लिप्यंतर विद्यार्थ्याने ध्वनिमुद्रणावरून त्याच्या मॅकवर केले. कच्ची प्रतही तिथेच बांधली. आम्ही तिची मुद्रिते तपासली आणि त्यात सर्व गाणी होती. अंतिम प्रत काढायच्या वेळी तो कामानिमित्त परगावी होता. त्याने सगळे फोल्डर दाबून ई-मेलने पाठवले आणि आम्ही रात्री अकरा वाजता उबुंटूवर बांधणी करून प्रत छापखान्याला दिली. कच्च्या प्रतीत ११२ पाने होती, अंतिम प्रतीत ९६ भरली. पाने घटल्याचा आम्हांला आनंदच झाला, कारण छपाईचा खर्च घटला! त्या आनंदाची आठवण आज फारशी सुखावह नाही.

वाडीतून परत आल्यावर विद्यार्थ्याला दूरध्वनी केला. त्याने आपल्या यंत्रावर पुन्हा बांधणी केली आणि म्हणाला, "सर, माझ्याकडे तर येतंय सगळं." उबुंटूवर येत नव्हते. फाईल फोल्डरात डोळ्यांना दिसत होती. यादीतही तिचे नाव होते. दोन्ही नावे एकाखाली एक ठेवून पाहिली, तर अक्षराचाही फरक नव्हता. तरी यंत्र म्हणे, अशी फाईल अस्तित्वात नाही. आमच्या आज्ञावलीत एक सौजन्य होते. फाईल सापडली नाही तर ती एक बारीक इशारा देऊन पुढे जाई. त्या रात्री तो इशारा पडद्यावरून सरकून गेला होता.

उलगडा व्हायला तीन रात्री लागल्या. दोष 'नवऱ्याकडची' या शब्दातील 'ऱ्य' मध्ये होता.

मराठीच्या अध्यापकाला या अक्षराविषयी कौतुक असते. 'दर्या' आणि 'दऱ्या', 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' या जोड्या आम्ही वर्गात वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. रफार दिला तर समुद्र, आडवी पापणी दिली तर डोंगरातील खोल भाग. मात्र हे अक्षर संगणकाच्या पोटात कसे साठवले जाते याचा विचार करण्याचे कारण कधी पडले नव्हते. युनिकोडमध्ये नुक्ता असलेल्या 'ऱ' ला स्वतंत्र क्रमांक आहे. दाक्षिणात्य भाषांतील एक रकार देवनागरीत लिहिता यावा म्हणून तो वर्ण तिथे आला आणि त्याचे अर्धे रूप म्हणजे आपला पापणीसारखा रकार. पण हाच वर्ण साधा 'र' आणि त्यापुढे सुटा नुक्ता अशा दोन चिन्हांनीही साठवता येतो, आणि प्रमाणकाच्या दृष्टीने ही दोन्ही रूपे समान आहेत. तिसरा मार्ग आणखी जुना: साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही एकसारखी दिसतात. आमचे डोळे तिन्हींना एकच अक्षर म्हणतात. यंत्र मात्र आकार पाहत नाही, क्रमांक मोजते.

विद्यार्थ्याच्या जुन्या मॅकवरील फाईल-व्यवस्था फाईलींच्या नावांतील अशी अक्षरे फोडून ठेवत असे. म्हणजे आमचा 'ऱ' तिथे 'र' आणि नुक्ता असा दुभंगून जाई. मॅकला स्वतःची ही सवय ठाऊक असल्यामुळे कोणत्याही रूपात विचारले तरी तो फाईल शोधून देई. पण तेच दुभंगलेले नाव दाबलेल्या फोल्डरातून उबुंटूवर आले, तेव्हा यादीतील सलग 'ऱ' शी त्याची गाठ पडेना. लिनक्स नावे चिन्हाला चिन्ह लावून पाहतो. समान अर्थाची दोन रूपे त्याच्या लेखी दोन निराळी नावे. विंडोजवर बांधणी केली असती तर तिथेही हेच झाले असते. 'नवरीकडची गाणी' निर्विघ्नपणे छापली गेली, कारण 'नवरी' या शब्दात पापणी नाही. 'नवरा' हा शब्दही सुटला असता. त्याचे सामान्यरूप झाले आणि तो हरवला.

"माझ्याकडे तर येतंय" हे वाक्य आम्ही पुढे अनेकदा आठवले. आज्ञावली लिहिणाऱ्या लोकांमध्ये हे वाक्य थट्टेचा विषय आहे, असे विद्यार्थ्याने सांगितले. प्रत्येक जण आपल्या यंत्रावर चालवून पाहतो आणि निर्धास्त होतो. त्याचे यंत्र त्याच्या सवयींना सरावलेले असते, त्याच्या चुका मुकाट्याने पोटात घालते. आम्हांला त्यावरून आठवले ते "आमच्या पोथीत असेच आहे" हे वाक्य. पाठचिकित्सेचा सारा खटाटोप या वाक्याच्या विरोधात उभा आहे. एकच पोथी पाहणाऱ्याला पाठभेद दिसतच नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि ते १९६६ साली पूर्ण झाले. वि. सी. सुखटणकरांसारख्या संपादकांनी काश्मीरच्या शारदा लिपीतील पोथ्यांपासून दक्षिणेकडील ग्रंथ आणि मलयाळम लिपींतील पोथ्यांपर्यंतची साक्ष ओळीओळीने ताडून पाहिली. लिपी बदलली की नकलणाऱ्याची चूक करण्याची रीतही बदलते. ज्या दोन अक्षरांची गल्लत एका लिपीत सहज होते, ती दुसऱ्या लिपीत संभवत नाही. म्हणून भिन्न लिपींतील साक्षीचे मोल अधिक. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तीही अनेक प्रतींत शिरलेल्या अपपाठांनी अस्वस्थ होऊनच.

फरक एवढाच, की पाठचिकित्सक चूक पसरल्यानंतर शतकांनी येतो. संगणकक्षेत्राने हीच तपासणी प्रत बाहेर पडण्यापूर्वी करण्याची रीत बसवली आहे. तिचे मूळ जुने. १९७६ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्ट्यूअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' नावाची आज्ञावली लिहिली. त्यांच्या एका सहकाऱ्याने एका चुकीचा माग काढण्यात पूर्ण सकाळ घालवली होती. चूक त्याने आधीच दुरुस्त केलेली होती. दुरुस्त मजकुराची नव्याने बांधणी करायची तेवढी राहिली होती! काय बदलले आहे आणि त्यामुळे काय पुन्हा बांधावे लागेल, याचा हिशेब माणसाच्या स्मरणावर सोडू नये, हा 'मेक'चा विचार. त्यापुढची पायरी म्हणजे बांधणीची आज्ञा देण्याचे कामही माणसाकडून काढून घेणे. कोहसुके कावागुची यांनी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये असताना 'हडसन' ही अशी व्यवस्था तयार केली. २००५ साली ती लोकांसमोर आली आणि २०११ पासून 'जेंकिन्स' या नावाने ओळखली जाते. कोणीही मजकुरात बदल करून तो सामायिक भांडारात ठेवला, की ही व्यवस्था आपणहून जागी होते, नव्याने बांधणी करते, ठरलेल्या चाचण्या घेते आणि निकाल कळवते. तीच सामग्री ती एकाच वेळी विंडोज, मॅक आणि लिनक्स अशा निरनिराळ्या यंत्रांवर बांधून पाहू शकते.

२०२० च्या टाळेबंदीत, महाविद्यालय बंद आणि वर्ग पडद्यावर असताना, विद्यार्थ्याने आमच्या पुस्तकासाठी अशी व्यवस्था उभी केली. स्वतःची तीन यंत्रे राबवण्याची गरज नव्हती. गिटहबने २०१९ च्या अखेरीस 'ॲक्शन्स' ही सेवा सर्वांसाठी खुली केली होती आणि सार्वजनिक प्रकल्पांना तिन्ही कार्यप्रणालींची यंत्रे तिथे विनामूल्य मिळत. आम्ही पापडीत बसून एखादा अनुस्वार दुरुस्त करावा आणि कुठल्या तरी दूरच्या शहरात तीन अनोळखी यंत्रांनी आमची लग्नगीते पहिल्यापासून रचायला घ्यावीत, हे काही दिवस अद्भुत वाटले. दहाबारा मिनिटांत तीन खुणा उमटत. हिरवी म्हणजे साधले, लाल म्हणजे बिघडले.

पहिल्याच दिवशी तीनपैकी दोन लाल होत्या. पुढील पंधरवड्यात ज्या गोष्टी उघडकीस आल्या त्या पाहून, पहिल्या आवृत्तीत एकच प्रकरण हरवले हे आमचे भाग्य, असे वाटू लागले.

पापडीच्या तलावाचे एक छायाचित्र होते. विंडोजवर त्याचे नाव रोमन मोठ्या अक्षराने सुरू होत होते, मजकुरात लहान अक्षराने. विंडोज आणि मॅक हा भेद सहसा मानत नाहीत, लिनक्स मानतो. तिथे तलाव सापडेना. मग कडव्यांचा गोंधळ. ओळ संपल्याची खूण म्हणून विंडोज दोन चिन्हे ठेवते, लिनक्स आणि आजचा मॅक एकच. टंकलेखन यंत्राचा दांडा मागे आणणे आणि कागद एक ओळ वर सरकवणे या दोन हालचालींची ती आठवण आहे. आमची आज्ञावली कोरी ओळ पाहून कडवे तोडत असे. विंडोजवर लिहिलेल्या फायलीतील कोरी ओळ लिनक्सला कोरी वाटेना, कारण तिच्यात एक न दिसणारे चिन्ह उरलेले असे. परिणामी चार-चार ओळींची कडवी एकमेकांत मिसळून गद्यासारखा ठोकळा झाला. टंकाचेही तेच. जो टंक सोबत दिलेला नाही, त्याच्या जागी प्रत्येक प्रणाली आपल्या पदरचा टंक वापरते. एका प्रतीत 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे आले, दुसरीत हिंदी वळणाचे. शेवटी शब्दसूची. अक्षरांच्या क्रमांकानुसार लावली तर 'ळ' हा 'ल' च्या पाठीला लागून येतो, 'क्ष' हा 'क' च्या घरात जातो. आपल्या वर्णमालेत त्यांची जागा 'ह' नंतर. दोन यंत्रांनी दोन क्रम लावले, आणि कोणते बरोबर हे सांगायला आम्हांलाच बसावे लागले.

उपाय साधे होते, पण ते लिहून ठेवावे लागले आणि यंत्राला पाळायला लावावे लागले. फायलींची नावे रोमन लिपीतील लहान अक्षरांत. ओळ संपल्याची खूण सर्वत्र एकच. आयआयटी मुंबईत तयार झालेला 'शोभिका' हा मुक्त परवान्याचा टंक पुस्तकासोबतच ठेवलेला. क्रमवारीचा नियम आमचा, यंत्राचा नव्हे. 'ऱ' ची तिन्ही रूपे बांधणीपूर्वी एकाच रूपात आणायची. यांपैकी पहिल्या दोन रूपांचे एकीकरण प्रमाणकाच्या नियमांनीच होते, तिसऱ्यासाठी मात्र वेगळी तरतूद करावी लागली. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ते सौजन्य काढून टाकले. यादीतील एक जरी फाईल सापडली नाही तरी बांधणी तिथेच थांबते आणि खूण लाल होते. तयार प्रतीत यादीइतकीच प्रकरणे आणि मोजून तितकीच गाणी आहेत की नाहीत, हेही यंत्र शेवटी तपासते. चुकीकडे कानाडोळा करणारे यंत्र आम्हांला आता नको होते.

या व्यवहारात एक प्रश्न आमच्यापैकी दुसऱ्याने सतत विचारला आणि तो रास्त होता. शंभर-सव्वाशे पानांचे पुस्तक एकाच यंत्रावर नीट बांधावे, डोळ्यांनी तपासावे, छापावे आणि मोकळे व्हावे. यासाठी तीन प्रणालींचा घोळ कशाला? शिवाय ही व्यवस्था एकदा लावली की संपले, असेही नाही. यंत्रे जुनी होतात. आमची बांधणी उबुंटूच्या १८.०४ या आवृत्तीवर होत असे. ती आवृत्ती त्या सेवेतून एप्रिल २०२३ मध्ये निवृत्त झाली. मजकुरातील एक मात्राही न बदलता नवी तजवीज करावी लागली. घराची डागडुजी जशी पावसाळ्याआधी करावीच लागते, तसे हे आहे.

या प्रश्नाचे उत्तर आमच्याच विषयात आहे, असे आमच्यापैकी पहिल्याचे म्हणणे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले. सतराव्या शतकातच त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या, १६४९ आणि १६५४ साली. या तीन मुद्रणांपैकी एकाही मुद्रणाची प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांमुळे. काही रोमन लिपीतील, काही देवनागरीतील, कोणी कोकणात जपलेली, कोणी परदेशी ग्रंथालयात गेलेली. छापील प्रत पक्की म्हणून त्या ग्रंथाला फारसे तारू शकली नाही. निरनिराळ्या हातांना, निरनिराळ्या लिपींत तो पुन्हा उतरवता आला, म्हणून तो आपल्यापर्यंत पोहोचला. आमच्या २००२ च्या ओव्या एकाच यंत्रावर, एकाच टंकात सुरक्षित होत्या. त्या यंत्राबरोबरच गेल्या. आज जी तीन प्रणालींवर निमूटपणे बांधली जाते, ती सामग्री उद्याच्या चौथ्या, आज नावही नसलेल्या प्रणालीवर बांधली जाण्याचा संभव अधिक आहे. तीन हिरव्या खुणांचा आमच्या लेखी अर्थ हा आहे.

आणि पापडीत राहणाऱ्याला हे फार नवे वाटू नये. इथल्या बाजारात भाजी घेऊन बसलेली बाई घरच्या माणसाशी कादोडीत बोलते, शेजारणीच्या वाडवळीला त्याच दमात उत्तर देते, आमच्याशी प्रमाण मराठीत आणि स्टेशनाकडून आलेल्या गिऱ्हाईकाशी हिंदीत. भाव चारही ठिकाणी तोच असतो. बोलणे फिरते, हिशेब फिरत नाही. बांधणीकडून आमची अपेक्षा याहून वेगळी नाही.

दुसरी आवृत्ती २०२२ च्या जानेवारीत निघाली. ११२ पाने, तिन्ही खुणा हिरव्या, प्रकरणे मोजून तपासलेली. आम्ही पुन्हा रिक्षाने त्या वाडीत गेलो. आजी थकल्या होत्या, पण ओसरीवर बसून होत्या. नातीने या वेळी अनुक्रमणिका न वाचता थेट 'नवऱ्याकडची गाणी' उघडली आणि पहिले गाणे वाचू लागली. आजी डोळे मिटून ऐकत होत्या. नवऱ्याला पहिली हळद कोण लावते हे सांगणाऱ्या ओळीपाशी त्यांनी हात वर केला. पुस्तकात 'मावशी' होते. त्यांचे म्हणणे, 'आत्या' पाहिजे.

क्षणभर आमच्या पोटात गोळा आला. तीन यंत्रांनी तपासलेल्या, दोन अध्यापकांनी मुद्रिते वाचलेल्या मजकुरात पहिल्याच गाण्यात चूक! घरी येऊन मूळ ध्वनिमुद्रण लावले. त्यात आजींच्या स्वच्छ आवाजात 'मावशी' होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन त्यांना ते ऐकवले. त्यांना त्याचे जराही आश्चर्य वाटले नाही. त्या दुपारी नातीची मावशी शेजारी बसली होती, म्हणून मावशीचे नाव घेतले, असे त्या सहज म्हणाल्या. काल नातीची आत्या घरात होती. हळदीला जी हजर असेल तिचा मान गाण्यात यायचा असतो. तेवढेही आम्हांला कळू नये, याचे मात्र त्यांना थोडे नवल वाटले असावे.

पाठचिकित्सेत मूळ पाठ कोणता, हा प्रश्न असतो. इथे मूळ पाठच एक रिकामी जागा होती, आणि ती कोणी भरायची हे हळदीला जमलेल्या बायका ठरवीत होत्या. तीन यंत्रांवर मजकूर सारखा उतरावा म्हणून आम्ही दीड वर्ष झटलो होतो. पण सारखे उतरावे असे जे आम्ही यंत्राला दिले होते, तेच एका दुपारीपुरते होते. यंत्राने यात काही चूक केली नव्हती. दिलेले अक्षर त्याने कुठेही हरवू दिले नाही. काय द्यायचे हे ठरवण्याचे काम आमचे होते, आणि ते आम्ही ध्वनिमुद्रण एकदा ऐकून संपले असे मानले होते.

त्या रात्री फाईल उघडली. 'मावशी' तशीच ठेवली, कारण त्या दुपारी तेच गायले गेले होते. खाली तळटीप दिली, की या जागी आत्या, काकू, मामी, जी उपस्थित असेल तिचे नाव घेण्याची रीत आहे. आजींनी दुसऱ्यांदा ऐकताना 'आत्या' म्हटले, हेही नोंदवले. बदल भांडारात ठेवताना तो का केला हे एका ओळीत लिहावे लागते. आम्ही लिहिले: आजींच्या सांगण्यावरून. दहाबारा मिनिटांनी तीन हिरव्या खुणा उमटल्या. विंडोजवरील, मॅकवरील आणि लिनक्सवरील प्रती उघडून ते पान शेजारी शेजारी लावून पाहिले. पाठभेद तिन्ही ठिकाणी, अक्षराचाही फरक न होता, छापला गेला होता.